दांतांची ओळख

बैलबाजारांत गेलेला शेतकरी जनावराचा रंग पाहतो, शिंगें पाहतो, चाल पाहतो; परंतु सौदा ठरविण्यापूर्वीं त्याचें तोंड उघडून दांत पाहिल्यावांचून राहत नाहीं. दोनदांती, चारदांती, सहादांती, जुळलेला, हे त्याचे शब्द म्हणजे जनावराच्या वयाचा दाखलाच होय. विकणाऱ्यानें कितीही शपथा वाहिल्या तरी दांत खोटें बोलत नाहींत, हा त्याचा पिढीजात अनुभव. माणसाच्या दांतांविषयीं मात्र असें शास्त्र तयार होण्यास फार काळ लागला. कवींनीं दांतांस कुंदकळ्यांची आणि मोत्यांची उपमा दिली. पण मोत्यांच्या सरांत एक मोतीं दुसऱ्यासारखें असावें लागतें, आणि दांतांची तर गोष्ट याच्या अगदीं उलट आहे. प्रत्येक दांताचा घाट निराळा असतो. तो सुटा हातीं आला तरी वरच्या जबड्याचा कीं खालच्या, उजवा कीं डावा, कितवा, हें जाणत्यास सांगतां येतें. आणि त्यावरून एखाद्या मुलाचें वय, क्वचित् एखाद्या मृताचें नांवही निश्चित करतां येतें. ही गोष्ट माणसाच्या ध्यानांत कशी आली आणि तिनें काय काय साधलें, याचा इतिहास वाचकांपुढें थोडक्यांत मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आपल्याकडील प्राचीन वैद्यांनीं दांतांची गणना अस्थींत केली आहे. चरकसंहितेंत शरीराच्या ३६० अस्थि सांगितल्या असून त्यांत ३२ दांत आणि दांतांचीं ३२ उलूखलें, म्हणजे दांत ज्यांत रुतून बसतात ते खळगे, वेगवेगळे मोजले आहेत. सुश्रुतानें शल्यतंत्राच्या दृष्टीनें ३०० अस्थि मानल्या. पण दांतांचा आंकडा ३२ च ठेवला, आणि अस्थींचे जे पांच प्रकार पाडले त्यांत दांतांस ‘रुचक’ असा स्वतंत्र वर्ग दिला. दांत हें हाड खरें, पण इतर हाडांसारखें नव्हे, एवढें त्याला दिसलें होतें.

संस्कृतांत ‘द्विज’ हा शब्द पक्षी, ब्राह्मण आणि दांत या तिघांसही लागतो. तिघेही दोनदां जन्मतात, असें त्याचें कारण सांगतात. परंतु सगळेच दांत द्विज नाहींत, हें काश्यपसंहितेच्या कर्त्यास ठाऊक होतें. बालचिकित्सेवरील हा प्राचीन ग्रंथ नेपाळांतील एका खंडित हस्तलिखितावरून १९३८ सालीं मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यांतून प्रसिद्ध झाला. त्यांत दांतांच्या जन्मासंबंधीं एक स्वतंत्र अध्यायच आहे. पुढच्या मधल्या दांतांस राजदंत, त्यांच्या शेजारच्यांस बस्त, त्यांपलीकडील अणकुचीदार दांतांस दंष्ट्रा आणि उरलेल्यांस हानव्य, अशीं नांवें तेथें दिलीं आहेत. आणि ३२ पैकीं ८ दांत एकदांच जन्मणारे व बाकीचे दोनदां जन्मणारे, असा हिशेब मांडला आहे. आजच्या शास्त्राप्रमाणें दुधाचे दांत २० असतात. त्यांच्या जागीं येणारे २० कायमचे दांत वजा केले, तर उरणाऱ्या १२ दाढा एकदांच उगवतात. म्हणजे प्राचीन गणनेंत चारांची तफावत पडली.

ही तफावत कोठें पडली असावी, याविषयीं आमचें एक अनुमान आहे. मुलाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या शेवटच्या दाढेमागें, प्रत्येक बाजूस एक, अशा चार कायमच्या दाढा उगवतात. त्यांच्यासाठीं एकही दांत पडत नाहीं. त्या गुपचूप येऊन रांगेच्या शेवटीं बसतात. पुढचे दुधाचे दांत अद्यापि तोंडांत असल्यामुळें त्यांच्याबरोबर ह्याही दुधाच्याच समजल्या जातात. प्राचीन ग्रंथकारानें याच चार दाढा ‘द्विजां’त जमा केल्या असाव्यात. पण त्याला हंसण्याचा अधिकार आपणांस फारसा नाहीं. आजही चांगल्या शिकलेल्या घरांतून ही दाढ किडली असतां, ‘दुधाचीच आहे, पडेल आपोआप’ म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष केलें जातें. ती पडते खरी. परंतु तिच्या जागीं दुसरी कधींच येत नाहीं. दांत ओळखण्याची विद्या केवळ वैद्यांची आणि न्यायाधीशांची नव्हे, गृहिणीचीही आहे, हें आरंभींच सांगून ठेवणें बरें.

आतां पश्चिमेकडे वळूं. इसवी सनापूर्वीं चौथ्या शतकांत अरिस्टॉटलनें आपल्या प्राणिविषयक ग्रंथांत लिहून ठेविलें कीं, मनुष्य, मेंढी, शेळी व डुक्कर या जातींत नराला मादीपेक्षां दांत अधिक असतात. ह्या विधानाची थट्टा पुष्कळांनीं केली आहे. अरिस्टॉटलचीं दोन लग्नें झालीं असतांही बायकोचें तोंड उघडून दांत मोजण्याचें त्यास सुचलें नाहीं, हा बर्ट्रांड रसेलचा टोमणा तर सर्वश्रुत आहे. तथापि थट्टेंत एक गोष्ट विसरली जाते. याच ग्रंथांत अक्कलदाढा विसाव्या वर्षाच्या सुमारास येतात, आणि क्वचित् वृद्ध स्त्रियांनाही फार उशिरां येतात, असें अचूक निरीक्षण आहे. म्हणजे हा गृहस्थ पाहत नव्हता असें नाहीं. त्यानें थोडें पाहिलें आणि त्यावरून पुष्कळ ठरविलें. खरा दोष त्याच्या मागून आलेल्यांचा. ज्या गोष्टीचा पुरावा प्रत्येकाच्या स्वतःच्या तोंडांत होता, तीसुद्धां मोजून न पाहतां गुरुवचन म्हणून शतकानुशतकें उद्धृत होत राहिली. शब्दप्रामाण्य म्हणजे काय, याचें याहून नेटकें उदाहरण आम्हांस माहीत नाहीं.

हें मौन १५४३ सालीं बाझल येथें छापलेल्या व्हेसेलियसच्या शारीरग्रंथानें मोडलें. स्त्रीपुरुषांच्या दांतांची संख्या सारखीच असते, आणि ज्याला शंका असेल त्यानें मोजून पाहावें, असा त्याचा रोकडा सवाल होता. परंतु ज्यानें अरिस्टॉटलची चूक काढली, त्याच्या हातूनही एक चूक झाली. दुधाचा दांत पडल्यावर त्याच्या हिरडींत राहिलेल्या मुळापासूनच कायमचा दांत वाढतो, असें व्हेसेलियसला वाटे. झाड तोडलें म्हणजे खुंटाला धुमारा फुटावा तसें. ही उपमा सुंदर होती, पण खोटी होती. रोममधील बार्तोलोमेओ एउस्ताकी यानें १५६३ सालीं प्रसिद्ध केलेल्या दांतांवरील लहानशा ग्रंथांत तिचें निराकरण केलें. गर्भांचें व अर्भकांचें विच्छेदन करून त्यानें असें दाखविलें कीं, दुधाच्या व कायमच्या दांतांचे कोंब जबड्यांत पृथक् पृथक् असतात. एक दुसऱ्यापासून उगवत नाहीं. पहिल्या दाताखालीं दुसरा आपली पाळी येईपर्यंत हाडांत दडून असतो.

यानंतर दांतांस नेमकीं नांवें देण्याचें काम लंडनच्या जॉन हंटर या शस्त्रवैद्यानें हातीं घेतलें. त्याचा मानवी दांतांच्या निसर्गेतिहासावरील ग्रंथ १७७१ सालीं निघाला. त्यापूर्वीं पुढचे कापणारे, कोपऱ्यांतले अणकुचीदार व मागचे दळणारे, असे तीनच वर्ग सर्वसाधारणपणें मानीत. गेलननेंही प्रत्येक जबड्यांत चार, दोन आणि दहा असाच हिशेब दिला होता. सुळ्याच्या मागें असलेले दोन दांत खऱ्या दाढांहून निराळे आहेत, त्यांना दोनच उंचवटे असतात, म्हणून त्यांचा वर्ग वेगळा केला पाहिजे, हें हंटरनें ठासून सांगितलें. पटाशीचे दांत, सुळे, उपदाढा व दाढा, हे आपल्या शाळांच्या पुस्तकांतील चार वर्ग मुळांत त्याच विभागणीचे आहेत.

पण हंटरच्या काळाची दुसरीही बाजू सांगितली पाहिजे. एका तोंडांतून काढलेला ताजा दांत दुसऱ्या तोंडांत बसवितां येतो, असें तो प्रतिपादन करी. कोंबड्याच्या तुऱ्यांत माणसाचा दांत रुजविण्याचा त्याचा प्रयोग प्रसिद्धच आहे. ह्या विद्येचा परिणाम असा झाला कीं, गरिबांचीं मुलें चार पैशांसाठीं आपले निरोगी दांत उपटून देऊं लागलीं आणि ते श्रीमंतांच्या हिरड्यांत बसूं लागले. रोलंडसन नांवाच्या व्यंगचित्रकारानें १७८७ सालीं हा देखावा मोठ्या कठोरपणें चितारला आहे. बसविलेले दांत फार दिवस टिकत नसत; उपटलेले मात्र कायमचे जात. पुढें १८१५ सालीं वॉटर्लूच्या रणभूमीवर पडलेल्या सैनिकांचे दांतही कवळ्यांसाठीं गोळा झाले.

आतां दांत ओळखावयाचा कसा, तें थोडें पाहूं. तोंडाचे चार समान भाग कल्पावे: वरचा उजवा, वरचा डावा, खालचा डावा, खालचा उजवा. प्रत्येक भागांत मधल्या रेषेपासून मागें जातां दोन पटाशीचे दांत, एक सुळा, दोन उपदाढा व तीन दाढा, असे आठ दांत असतात. वरचा मधला पटाशीचा दांत रुंद असतो. त्याचा मधल्या रेषेकडील कोपरा जवळजवळ काटकोनी, तर दुसरा कोपरा गोलसर असतो. एवढ्या एका खुणेवरून तो उजवा कीं डावा हें कळतें. याच्या उलट खालचा मधला पटाशीचा दांत कायमच्या दांतांत सर्वांत लहान असून त्याच्या दोन्ही बाजू इतक्या सारख्या असतात कीं, उजव्याडाव्याचा निर्णय करतांना जाणताही अडखळतो. सुळ्याचें मूळ सर्वांत लांब. म्हणूनच म्हातारपणीं इतर दांत गेले तरी तो पुष्कळदां टिकून राहतो. वरच्या पहिल्या उपदाढेस बहुधा दोन मुळें असतात, इतर उपदाढांस बहुधा एक. दाढांची ओळख मुळांवरून सर्वांत सोपी: वरच्या दाढेस तीन मुळें, दोन गालाकडे व एक टाळूकडे, खालच्या दाढेस दोन, एक पुढें व एक मागें. खालच्या पहिल्या दाढेवर सामान्यतः पांच उंचवटे असतात, दुसरीवर चार. अक्कलदाढेला मात्र नियम नाहीं. तिचा आकार लहरी, मुळें कधीं सुटीं, कधीं चिकटलेलीं. आणि कित्येकांना ती येतच नाहीं, त्यावरून त्यांच्या अकलेविषयीं कोणी अनुमान काढूं नये.

दांतांचें दुसरें वैशिष्ट्य म्हणजे त्यांचा टिकाऊपणा. दांताच्या माथ्यावरील इनॅमलचें कवच हा शरीरांतील सर्वांत कठीण पदार्थ होय; त्याचा सुमारें ९६ टक्के भाग खनिज द्रव्याचा असतो. मोडलेलें हाड सांधतें, त्वचा भरून येते. हें कवच एकदां तयार झालें म्हणजे शरीर तें पुन्हां घडवीत नाहीं. जिवंतपणीं ही मोठी उणीव. पण तिच्यामुळेंच बालपणीं पडलेली खूण दांतावर जन्मभर राहते. आणि माती, पाणी व आग यांत देहाचें बाकीचें सर्व नाहींसें झालें तरी दांत पुष्कळदां शिल्लक राहतात.

खुणा ठरल्या, पण त्या लिहून ठेवण्यास सुटसुटीत पद्धति हवी होती. व्हिएन्नाच्या आडोल्फ झिगमोंडी यानें १८६१ सालीं एक फुली काढून तिच्या चार कोपऱ्यांत मधल्या रेषेपासून एक ते आठ आंकडे मांडण्याची युक्ति काढली. पुढें आंतरराष्ट्रीय दंतवैद्यक संघानें १९७० सालीं चारही भागांना एक ते चार क्रमांक देऊन दोन अंकांची पद्धति स्वीकारली. तीप्रमाणें १६, २६, ३६ व ४६ ह्या चार आंकड्यांनीं त्याच सहाव्या वर्षींच्या चार दाढा जगांत बहुतेक ठिकाणीं ओळखल्या जातात. अमेरिकेंत मात्र १ ते ३२ असा सरळ क्रम रूढ आहे. आंकड्यांची ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. परंतु भाषेची अडचण न पडतां एका देशांतील टिपण दुसऱ्या देशांत वाचतां येणें याला केवढी किंमत आहे, तें पुढें दिसेल.

ह्या विद्येची पहिली मोठी सामाजिक कामगिरी इंग्लंडांतील गिरण्यांत झाली. १८३३ च्या कायद्यानें कापडाच्या गिरण्यांत, रेशमाच्या सोडून, नऊ वर्षांखालील मुलांस कामावर घेण्यास बंदी केली, आणि तेरा वर्षांखालील मुलांचे तास दिवसास नऊपर्यंत आणले. कायदा झाला, पण मुलाचें वय सिद्ध कसें करावयाचें? जन्मनोंदणीची सरकारी पद्धति इंग्लंडांत १८३७ च्या जुलैंत सुरू झाली. तोंपर्यंत गिरणींत आलेल्या मुलांना तिचा उपयोग नव्हता. डॉक्टरनें मुलाकडे पाहून अंदाजानें दाखला द्यावा, फार तर उंची मोजावी. गिरणीमालकाला मूल मोठें हवें होतें. आणि गरिबीनें गांजलेल्या आईबापांनाही तें मोठेंच ठरावें असें वाटे. मुलाच्या बाजूनें बोलणारें कोणी नव्हतें.

तें काम एडविन सॉन्डर्स या तरुण दंतवैद्यानें केलें. १८३७ सालीं पार्लमेंटच्या दोन्ही सभागृहांस उद्देशून त्यानें एक पुस्तिका प्रसिद्ध केली. हजाराहून अधिक मुलांचीं तोंडें तपासून त्यानें दाखविलें कीं, उंचीवर विसंबणें फसवें आहे, दांतांवर विसंबणें पुष्कळ सुरक्षित आहे. नवव्या वर्षापर्यंत चार पहिल्या दाढा व पुढचे पटाशीचे दांत आलेले असावयाचे. तेराव्यापर्यंत सुळे, उपदाढा व दुसऱ्या दाढाही. मुलाला टांचा उंचावून उभें करतां येईल, पढवितांही येईल. पण न आलेली दाढ कोणासही दाखवितां येणार नाहीं. बैलबाजारांत शेतकरी जें सहज करीत होता, तें माणसाच्या लेंकरासाठीं करण्यास राज्यसभेला एवढें समजावून सांगावें लागलें!

या साधनाच्या मर्यादाही पुढील संशोधनानें स्पष्ट केल्या आहेत. हिरडीबाहेर दांत येण्याचा काळ पोषणानें व रोगानें मागेंपुढें होतो. म्हणून आतां क्ष-किरणांनीं जबड्यांतील दांताची व मुळाची घडण पाहतात. माँट्रिअल येथील डेमिर्जियन व त्याचे सहकारी यांनीं १९७३ सालीं खालच्या डाव्या बाजूच्या सात दांतांच्या वाढीच्या पायऱ्या ठरवून दिल्या. तरीही अठरावें वर्ष, जेथें कायदा बालक व प्रौढ यांमधली रेषा ओढतो, नेमकें अशा ठिकाणीं पडतें कीं तेथें एकट्या लहरी अक्कलदाढेचीच साक्ष उरते. त्या वयीं दांतांकडून महिन्यावारी उत्तर मागणें म्हणजे साक्षीदाराकडून त्याला ठाऊक नसलेलें वदविणें होय.

मृताची ओळख हा याच विद्येचा दुसरा प्रांत. हा प्रश्न आपल्या इतिहासास नवा नाहीं. पानिपतच्या रणांतून १७६१ सालीं सदाशिवरावभाऊ परतले नाहींत. ते कोठें तरी जिवंत असतील ही आशा लोकांच्या मनांतून जाईना. आणि त्याच आशेवर तोतयाचें बंड उभें राहिलें. १७७६ सालीं तोतयास देहांत शासन होईपर्यंत पेशव्यांच्या राज्याला त्याचा उपद्रव सोसावा लागला. देहाची निःसंशय ओळख न पटण्याची किंमत कधीं कधीं आख्ख्या राज्याला मोजावी लागते. कनोजच्या जयचंदाचें प्रेत सोन्यानें बसविलेल्या कृत्रिम दांतांवरून ओळखलें गेलें, अशी हकीकत फेरिश्त्यानें दिली आहे. पण तो घटनेनंतर चार शतकांनीं लिहीत होता, तेव्हां तिला आख्यायिकेहून अधिक वजन देतां येत नाहीं.

दांतांचा पुरावा ज्या खटल्यानें सर्वतोमुखीं झाला तो बोस्टनचा. आणि त्यांतील आरोपी, सांगण्यास संकोच वाटतो, आमच्याच व्यवसायांतला होता. जॉन वेब्स्टर हा हार्वर्डच्या वैद्यकीय विद्यालयांत रसायनशास्त्राचा प्राध्यापक. डॉक्टर जॉर्ज पार्कमन या धनाढ्य गृहस्थाचें कर्ज त्यानें काढलें होतें. २३ नोव्हेंबर १८४९ रोजीं पार्कमन वसुलीसाठीं विद्यालयांत गेला, तो पुन्हां दिसला नाहीं. पुढें तेथील पहारेकऱ्यानें भिंत फोडून देहाचे कांहीं अवशेष शोधून काढले, आणि प्रयोगशाळेच्या भट्टींत कृत्रिम दांतांचे तुकडे मिळाले. दंतवैद्य नेथन कीप यानें साक्ष दिली कीं, ही कवळी आपण १८४६ सालीं पार्कमनसाठीं केली. वैद्यकीय विद्यालयाच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनप्रसंगीं नीट बोलतां यावें म्हणून पार्कमननें ती घाईनें करून घेतली होती. त्या इमारतीसाठीं जागा त्यानेंच दिलेली. कीपजवळ जबड्यांचे ठसे अद्यापि होते. तुकडे त्यांवर बसले. जिभेला जागा व्हावी म्हणून आंतून घासल्याची खूणही त्यानें दाखविली. अशा तुकड्यांवरून ओळख पटविणें शक्य नाहीं, असें सांगण्यास बचावपक्षानें ईथरच्या प्रयोगानें विख्यात झालेल्या विल्यम मॉर्टनला उभें केलें. परंतु नांवाच्या मोठेपणापेक्षां ठशाची साक्ष बलवत्तर ठरली. ३० ऑगस्ट १८५० रोजीं वेब्स्टरला फांशी झाली.

यानंतर ४ मे १८९७ रोजीं पॅरिसमध्यें एका धर्मार्थ बाजारास आग लागली. चलच्चित्रें दाखविणाऱ्या यंत्राच्या दिव्यांतील ईथरच्या वाफेनें पेट घेतला आणि सुमारें सव्वाशें माणसें, बहुतेक उच्च कुळांतील स्त्रिया, मृत्युमुखीं पडलीं. दागिने व वस्त्रांचे अवशेष यांवरून बहुतेकांची ओळख पटली, कांहींची पटेना. तेव्हां पॅराग्वेच्या वकिलानें दंतवैद्यांस बोलावण्याची सूचना केली. आलांसोंच्या डचेसचें प्रेत तिच्या दंतवैद्यानें आपल्या टिपणवहीवरून ओळखलें. पॅरिसमध्यें राहणाऱ्या ऑस्कर आमोएदो या क्यूबन दंतवैद्यानें या अनुभवांचा आधार घेऊन १८९८ सालीं न्यायवैद्यकांतील दंतविद्येवर ग्रंथ लिहिला. तेथून ही विद्या स्वतंत्र शास्त्र म्हणून नांदूं लागली. १९४५ सालीं हिटलरच्या मृत्यूचा निर्वाळाही अखेर त्याच्या दंतवैद्याच्या मदतनिसांनीं ओळखलेल्या जबड्यावरूनच झाला.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. दांत व त्यांचें टिपण ताडून पाहणें निराळें, आणि कातडीवर उठलेल्या चाव्यावरून गुन्हेगार ठरविणें निराळें. कातडी मेणासारखी ठसा जपून ठेवीत नाहीं. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या २००९ च्या अहवालानें अशा पुराव्याच्या शास्त्रीय पायाविषयीं गंभीर शंका व्यक्त केली आहे. अरिस्टॉटलप्रमाणें थोडें पाहून पुष्कळ ठरविण्याचा मोह शास्त्रज्ञांनाही सुटत नाहीं.

आणि शेवटीं, दांत बोलतात हें खरें, परंतु त्यांचें बोलणें ताडून पाहण्यास आधीचें टिपण लागतें. डचेसचे दांत बोलले, कारण तिला दंतवैद्य होता व त्याला वही होती. २६ डिसेंबर २००४ च्या समुद्रकोपांत थायलंडच्या किनाऱ्यावर हाच अनुभव आला. परदेशी प्रवाशांच्या दंतनोंदी त्यांच्या देशांतून आल्या आणि पुष्कळांची ओळख पटली. स्थानिक लोकांच्या अशा नोंदी फारशा नव्हत्या, आणि तेथें हें साधन तोकडें पडलें. निसर्गानें राजाला आणि रंकाला सारखेच ३२ दांत दिले. वही मात्र सर्वांना दिली नाहीं. ज्यांच्याकडे दांत दुखल्यावर उपटण्यापलीकडे दंतवैद्याशीं संबंध येत नाहीं, अशीं कुटुंबें आपल्या देशांत असंख्य आहेत. शाळेंत मुलांची प्रकृति तपासतांना वजन व उंची यांबरोबर तोंडांतील दांतांचीही एक ओळ लिहून ठेवली, तर सहाव्या वर्षींची दाढ वेळेवर ओळखली जाऊन वांचेल, आणि दुर्दैवानें प्रसंग आलाच तर त्या मुलाच्या आईला अनोळखी प्रेतांच्या रांगेंतून फिरावें लागणार नाहीं. एवढी एक ओळ लिहिण्यास खर्च फार नाहीं.